क्षयरोगाची एकत्रित गोळी: केव्हा सोसायचे आणि केव्हा थांबायचे

आपल्या प्रश्नातला मुख्य भाग आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते इतर वाचकांनाही कळेल. आपल्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला फुप्फुसाचा क्षयरोग झाला असून त्याचे वजन ६० किलो आहे. चार औषधे एकत्र असलेल्या ४ गोळ्या त्याला रोज एकदम घ्यायला सांगितल्या आहेत. पहिल्याच दिवशी लघवी लालसर झाल्याने घरचे घाबरले. तिसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली आणि अन्नावरची वासना उडाली, तेव्हा त्याने स्वतःच दोन दिवस गोळ्या बंद ठेवल्या. आता त्याला बरे वाटते आहे, आणि यापुढे दोन गोळ्या सकाळी व दोन रात्री, किंवा सगळ्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या तर चालेल का, असे तो विचारतो आहे.

दोन्ही बेत चालणार नाहीत. मात्र त्याने लगेच गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात, असेही मी म्हणणार नाही. तिसऱ्या आठवड्यात मळमळ आणि भूक मरणे ही दोन्ही लक्षणे एकत्र आली असतील, तर आजच रक्ताची यकृत-तपासणी करून घ्यावी आणि तिचा निकाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पाहीपर्यंत गोळी घेऊ नये. तपासणी स्वच्छ आली, तर पूर्ण मात्रा एकदम, रोज, पूर्वीसारखी सुरू व्हावी. तपासणीत दोष निघाला, तर पुढचा क्रम डॉक्टर ठरवतील आणि तो आपण कल्पना करता त्याहून वेगळा असेल.

क्षयरोगाच्या रुग्णाला पहिल्या दिवशी एकच वाक्य दहा वेळा ऐकवले जाते: ‘एकही दिवस गोळी चुकवू नका.’ ते खरेच आहे, पण अपुरे आहे. यकृत बिघडल्याची खूण दिसली की त्याच दिवशी गोळी थांबवून दाखवायला यायचे, हा त्याच सूचनेचा उरलेला अर्धा भाग, आणि तो सांगायचा राहून जातो. माझ्याकडे एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ आले. डोळे हळदीसारखे पिवळे, आठ दिवस उलट्या, आणि तरीही खिशातल्या पट्टीतली त्या दिवशीची गोळी घेतलेली. ‘चुकवू नका म्हणून सांगितले होते’, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या आज्ञाधारकपणात काही खोट नव्हती. सूचना अर्धी होती. आपल्या भावाने नेमके उलट केले: थांबला ते ठीक, पण कोणाला न सांगता थांबला आणि तपासणी न करता पुन्हा सुरू करायला निघाला आहे.

गोळीत काय आहे ते आधी पाहू. मोठ्या माणसांच्या नेहमीच्या एकत्रित गोळीत रिफाम्पिसिन १५० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. चार गोळ्या म्हणजे रिफाम्पिसिन ६००, आयसोनियाझिड ३००, पायराझिनामाइड १६०० आणि इथॅम्ब्युटॉल ११०० मिलिग्रॅम. रिफाम्पिसिन किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम आणि आयसोनियाझिड ५ मिलिग्रॅम द्यायचे असते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला चार गोळ्या हा अतिरेक नसून नेमका हिशेब आहे. तीन घेतल्या तर पोटाला बरे वाटेल, पण जंतूंनाही बरे वाटेल. आजारात घटलेले वजन उपचार लागू पडल्यावर वाढू लागते, त्यामुळे दर महिन्याला वजन करून गोळ्यांची संख्या डॉक्टरांकडून पडताळून घ्यावी. पहिले दोन महिने चारही औषधे आणि पुढचे चार महिने रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड ही दोन, असा औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचा नेहमीचा सहा महिन्यांचा क्रम आहे. काही ठिकाणी पुढच्या टप्प्यातही इथॅम्ब्युटॉल चालू ठेवतात.

चार औषधे कशासाठी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. फुप्फुसात क्षयरोगाने पोकळी पडली असेल, तर तिच्यात कोट्यवधी जंतू असतात. त्यांच्यात आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक आपोआप निपजतो, तर रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. एकट्या आयसोनियाझिडने बाकीचे सगळे मरतील आणि ते निवडक काही उरून पुन्हा वाढतील. दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू निपजण्याची शक्यता मात्र नगण्य असते. हे केवळ कागदावरचे गणित नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत रुग्ण आधी झपाट्याने सुधारले आणि नंतर त्यांतल्या अनेकांचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. म्हणूनच एकत्रित गोळी हा मोठा आधार आहे: त्रासदायक वाटणारे एक औषध वगळून बाकीची घेण्याची सोयच ती ठेवत नाही.

सकाळ-संध्याकाळ वाटून घेण्याचा विचार त्रास कमी व्हावा म्हणून येतो, हे मी समजू शकतो. पण या औषधांना, विशेषतः रिफाम्पिसिनला, रक्तात एकदा उंच पातळी गाठता आली पाहिजे. जंतू मारण्याचे काम त्या उंचीवर होते. दोन वाटे केले की ती उंची गाठलीच जात नाही. एक दिवसाआडचा बेत तर याहून वाईट आहे. रिफाम्पिसिन खंड पाडत घेतले, म्हणजे काही दिवस बंद, मग चालू, मग पुन्हा बंद, तर शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. मग पुढच्या गोळीनंतर काही तासांत थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते; क्वचित रक्तातल्या प्लेटलेट्स एकदम घसरतात, रक्तपेशी फुटतात किंवा मूत्रपिंडे बंद पडतात. रोज नियमाने घेणाऱ्यात हे फार विरळा दिसते. अंगावर जांभळे ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आले किंवा लघवी अगदीच कमी झाली, तर पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालयात जावे. रिफाम्पिसिनमुळेच प्लेटलेट्स घसरल्याचे ठरले, तर ते औषध त्या माणसाला पुन्हा कधीही द्यायचे नसते.

आता लघवीच्या रंगाविषयी. रिफाम्पिसिनची भुकटी मुळातच विटेच्या रंगाची असते. ती लघवी, घाम, थुंकी, अश्रू या सगळ्यांना नारिंगी-लाल छटा देते, आणि त्यात काही वावगे नाही. गोळी घेतल्यावर काही तासांत रंग गडद होतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बराच उतरतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मात्र कायमच्या रंगतात, तेवढे उपचारांपुरते चष्म्यावर भागवावे. अडचण अशी की कावीळ झाली तरीही लघवी गडदच होते, आणि ‘हा गोळीचाच रंग’ म्हणून लोक निर्धास्त राहतात. त्यासाठी मी रुग्णांना दोन गोष्टी पाहायला सांगतो. सकाळी गोळी घेण्याआधीची पहिली लघवी रोजच्या फिकट छटेऐवजी गडद तपकिरी दिसू लागली आहे का? आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढली असता डोळ्याचा पांढरा भाग पिवळसर दिसतो का? दिव्याच्या पिवळ्या उजेडात ही पाहणी करू नये. निम्मे घर कावीळग्रस्त वाटेल.

यकृताला बाधा करू शकणारी औषधे या गोळीत तीन आहेत: पायराझिनामाइड, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. इथॅम्ब्युटॉल त्या बाबतीत जवळजवळ निर्दोष आहे. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचे एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा तपासणीतला आकडा, थोडेसे वाढते आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप खाली येते. त्यासाठी औषध थांबवायचे नसते. थांबवण्याची सर्वमान्य रेषा अशी आहे: लक्षणे असतील तर एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिप्पट, आणि काहीही लक्षण नसेल तरी पाचपट. कावीळ दिसत असेल, तर आकड्याची वाट पाहायचीच नाही. थांबवल्यानंतर आकडा सामान्य मर्यादेच्या दुपटीखाली येईपर्यंत थांबतात आणि मग एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने, मध्ये तपासणी करत, परत आणतात. साधारणतः रिफाम्पिसिन आधी, मग आयसोनियाझिड. पायराझिनामाइड शेवटी, किंवा बाधा तीव्र असेल तर वगळून, मात्र मग उपचारांची मुदत वाढते. आजार गंभीर असेल, तर या मधल्या काळात यकृताला न दुखावणारी दुसरी औषधे देऊन जंतूंवरचा दाब कायम ठेवला जातो. म्हणजे बाधा झाली की उपचार संपले, असे अजिबात नाही. पण ही फेरजुळणी एकत्रित गोळीने करता येत नाही, आणि घरी तर नाहीच नाही.

धोका कोणाला जास्त? आधीपासून यकृताचा आजार असलेल्यांना, हेपटायटिस बी किंवा सी असलेल्यांना, एचआयव्हीबाधितांना, वयस्करांना, कुपोषितांना आणि दारू पिणाऱ्यांना. यांची यकृत-तपासणी उपचारांआधी आणि नंतर ठरावीक अंतराने व्हावी. दारू सहा महिने पूर्ण बंद. ‘थोडी चालेल का’ या प्रश्नाला माझ्याकडे दुसरे उत्तर नाही. पॅरासिटामॉल तापापुरते, ठरलेल्या मात्रेत, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. आयसोनियाझिडच्या जोडीला ते जास्त प्रमाणात किंवा दिवसेंदिवस घेतले, तर यकृतावरचा भार वाढतो. ‘यकृत साफ करणारी’ म्हणून मिळणारी काढे-चूर्णे या काळात दूर ठेवावीत, कारण कावीळ झालीच तर ती कशाने झाली हे मग कोणालाच सांगता येत नाही.

साधी मळमळ आणि यकृताची मळमळ यांत फरक असतो. गोळी घेतल्यावर तासाभरात मळमळते, दुपारपर्यंत ओसरते, जेवण नेहमीसारखे जाते, हा पोटाचा त्रास आहे. दिवसभर राहणारी मळमळ, अन्नाचा वासही नकोसा होणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, न सांगता येणारा थकवा, ही दुसऱ्या जातीची लक्षणे आहेत, आणि आपण लिहिलेले वर्णन तिकडे झुकते. म्हणून आजच तपासणी असे सुरुवातीला म्हटले. पोटाचाच त्रास असल्याचे ठरले, तर उपाय सोपा आहे. गोळ्या उपाशीपोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घेणे उत्तम, कारण अन्नाबरोबर आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही कमी शोषले जातात. तसे सोसतच नसेल, तर थोड्याशा हलक्या खाण्याबरोबर घ्याव्यात किंवा रात्री झोपताना घ्याव्यात. शोषण किंचित कमी झाले तरी गोळी न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरे. ॲल्युमिनियम असलेली पित्तशामके मात्र गोळीच्या आसपास घेऊ नयेत. घ्यायचीच असतील, तर गोळीनंतर किमान एक तास जाऊ द्यावा.

एखाद्या दिवशी विसर पडला, तर त्याच दिवशी आठवताक्षणी घ्यावी. दिवस उलटला असेल, तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच मात्रा घ्यावी, दुप्पट कधीही नाही. चुकलेले डोस वहीत लिहून ठेवावेत, कारण उपचार दिवसांवर नव्हे, घेतलेल्या डोसांवर मोजायचे असतात आणि चुकलेले शेवटी भरून काढले जातात. पहिल्या दोन महिन्यांत सलग १४ दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडला, तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आपल्या भावाचे दोन दिवस गेले आहेत, त्यात फारसे काही बिघडलेले नाही. ते लपवले तर बिघडेल.

हातापायांची जळजळ, तळव्यांना मुंग्या येणे हा आयसोनियाझिडचा ठरावीक दुष्परिणाम आहे. हे औषध शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात आडवे येते. मधुमेही, गर्भवती व स्तनदा स्त्रिया, एचआयव्हीबाधित, मूत्रपिंडाचे रुग्ण, कुपोषित आणि दारू पिणारे यांना म्हणून सुरुवातीपासूनच पायरिडॉक्सिन, म्हणजे हेच ब-६ जीवनसत्त्व, रोज १० ते २५ मिलिग्रॅम देतात. मुंग्या सुरू झाल्यावर त्याची मात्रा वाढवता येते, गोळी थांबवावी लागत नाही. याच कारणाने आयसोनियाझिड एकदम जास्त पोटात गेले, तर आवरता न येणारे झटके येतात आणि त्यावरचा उतारा म्हणजे शिरेतून दिलेले पायरिडॉक्सिन. घरात लहान मूल असेल, तर या पट्ट्या उंच ठिकाणी, बंद कपाटात ठेवाव्यात. लालसर गोळी मुलाला खाऊ वाटू शकते. मोठ्यांची गोळी मोडून मुलाला उपचार म्हणून देणेही चूक आहे. मुलांना किलोमागे मात्रा जास्त लागते, औषधांचे प्रमाण वेगळे असते आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या त्यांच्यासाठी स्वतंत्र मिळतात.

इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर परिणाम करू शकते. नेहमीच्या मात्रेत हे क्वचित होते, मूत्रपिंडे कमजोर असतील तर त्याची शक्यता वाढते. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून बारीक मजकूर वाचावा, मग दुसरा झाकून; आणि लाल-हिरवे रंग पूर्वीइतकेच वेगळे दिसतात का ते पाहावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली तपासणी फसवी ठरते, कारण चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. फरक जाणवला, तर ते औषध त्याच दिवशी थांबवून डोळे दाखवावेत; वेळीच थांबवले तर नजर बहुधा परत येते. पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढून सांधे दुखतात. ते त्रासदायक असले तरी धोक्याचे नसते, साध्या वेदनाशामकाने निभते. नुसती खाज सुटली तर ॲलर्जीची गोळी घेऊन उपचार चालू राहू शकतात. पुरळाबरोबर ताप आला, तोंड आले किंवा कातडी सोलवटली, तर सगळे थांबवून रुग्णालय गाठावे.

भाऊ आणखी कोणती औषधे घेतो हे आपण लिहिलेले नाही, पण मला ते हवे होते. रिफाम्पिसिन यकृतातल्या विकरांना इतके चाळवते की इतर अनेक औषधे काम करण्याआधीच मोडून जातात. हा परिणाम पूर्ण चढायला साधारण दोन आठवडे लागतात आणि रिफाम्पिसिन बंद केल्यावर उतरायलाही तेवढेच. रक्त पातळ ठेवणारी औषधे, स्टेरॉइड, मधुमेहाच्या काही गोळ्या, थायरॉइडची गोळी, अवयवरोपणानंतरची औषधे, बुरशीविरोधी औषधे, एचआयव्हीची अनेक औषधे यांत मोडतात. एचआयव्हीवरचे डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम एकदाऐवजी दिवसातून दोनदा द्यावे लागते, ते याचमुळे. रिफाम्पिसिन संपल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची वाढवलेली मात्रा पुन्हा खाली आणायला विसरले, तर रक्तस्रावाचा धोका असतो, आणि ही चूक शेवटच्या महिन्यानंतर, सगळे निवांत झाल्यावर घडते. आयसोनियाझिडची चाल उलटी आहे: ते फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांसारख्या फिटच्या औषधांची रक्तातली पातळी वाढवते. स्त्रियांसाठी महत्त्वाचे म्हणजे रिफाम्पिसिन चालू असताना आणि त्यानंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर भिस्त ठेवता येत नाही. निरोध किंवा तांबी वापरावी. गर्भधारणा झालीच, तरी क्षयरोगाचे उपचार थांबवायचे नसतात, आणि आईने स्तनपान चालू ठेवायला हरकत नसते.

गोळ्या पट्टीतच ठेवाव्यात. आठवड्याभराच्या गोळ्या सोलून डबीत काढून ठेवण्याची सवय या औषधाला मानवत नाही, कारण त्याला ओल आणि ऊन दोन्ही बाधतात.

आज भावाला दवाखान्यात नेताना तीन गोष्टी बरोबर घ्या: उरलेल्या गोळ्यांची पट्टी, तो घेत असलेल्या इतर प्रत्येक औषधाचे वेष्टन, आणि एका कागदावर लिहिलेल्या तारखा, म्हणजे मळमळ कोणत्या दिवशी सुरू झाली, शेवटची गोळी कधी घेतली, किती चुकल्या. दोन दिवसांचा खंड त्याने स्वतः सांगावा. डॉक्टर रागावले तर रागावोत. त्यांना हिशेब बरोबर लागेल.